‘शुगर नॉर्मल आहे रे!’... पण हार्टचं काय?

रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला मोबाईल वाजतो. तुम्ही हिंजवडीच्या, मगरपट्ट्याच्या नाहीतर पवईच्या फ्लॅटमध्ये अजून अर्धवट झोपेत. पलीकडे आई-बाबा. सातारा, सांगली, नाशिक, अकोला, कुठूनही. नाश्ता झाला का, कामवाली आली का, पुढच्या महिन्यात चिंटूचं लग्न आहे, सुट्टी टाकून ठेव. मग तुम्ही विचारता, ‘बाबा, तब्येत काय म्हणतेय?’ आणि पेटंट उत्तर येतं, ‘एकदम ओके. परवाच शुगर केली. नॉर्मल आहे रे!’ झालं! तुमचं टेन्शन खल्लास. फोन ठेवून तुम्ही पुन्हा पांघरुणात.

आजचा कॉलम या एका वाक्याबद्दल आहे. साठी उलटलेल्या डायबेटिक माणसाची शुगर नॉर्मल आली हे ऐकायला सॉलिड वाटतं, पण त्यावरून त्याचं हार्ट कसं आहे ते फारसं कळत नाही. आणि खरा लोचा तिथेच आहे. कारण टाइप टू डायबेटिस असलेल्या माणसांचा जीव सगळ्यात जास्त वेळा जातो, तो हार्टच्या आणि रक्तवाहिन्यांच्या आजारानं.

एकटी साखर नाही, अख्खी गँग!

आपल्याकडे डायबेटिस म्हटलं की सगळ्यांचं लक्ष गोडावर. चहा बिनसाखरेचा, श्रीखंडाची वाटी लांब सरकवलेली आणि दिवाळीत आईचा बाबांवर कडक पहारा. हे सगळं बरोबरच आहे, पण अर्धवट आहे. कारण साखर एकटी फिरत नाही. बीपी, खराब कोलेस्टेरॉल, पोटाचा घेर आणि तंबाखू हे तिचे जिगरी दोस्त. हल्ला करतात तोही मिळून.

हे नेमकं कसं होतं? रक्तात वर्षानुवर्षं साखर जास्त राहिली, की रक्तवाहिन्यांचं आतलं नाजूक अस्तर खराब होतं. बीपी जास्त असेल तर त्याच अस्तरावर रात्रंदिवस मारा. मग एलडीएल, म्हणजे खराब कोलेस्टेरॉल, त्या दुखावलेल्या जागी आत शिरून साठायला लागतं. हा थर एखाद्या दिवशी फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी होते आणि वाट बंद. ही वाट हार्टची असेल तर हार्ट अटॅक, मेंदूची असेल तर पॅरालिसिसचा झटका. त्यात वयाबरोबर रक्तवाहिन्या आपोआप कडक होत जातातच. म्हणजे साठीनंतर ही गँग आयत्या मैदानात उतरते.

ही दोन-चार घरांची गोष्ट नाही. आयसीएमआरच्या देशभरातल्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांच्या अंदाजानुसार भारतात १०.१ कोटी लोकांना डायबेटिस आहे आणि आणखी १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. त्याच पाहणीत ३५.५ टक्के प्रौढांना बीपी निघालं. आता तुमच्या सोसायटीतल्या, ऑफिसमधल्या दहा मित्रांचे आई-बाबा डोळ्यांसमोर आणा. हिशोब तुमचा तुम्हीच करा.

‘आमचे बाबा तर सडपातळ आहेत...’

असं म्हणणाऱ्यांसाठी एक अस्सल पुणेरी किस्सा. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या मेडिकल जर्नलमध्ये दोन डॉक्टरांचा एक फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सेम टू सेम, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन साहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिक सरांची २१.२ टक्के! दुपटीहून जास्त!

याला म्हणतात ‘थिन-फॅट’ इंडियन. हातपाय काडीसारखे, शर्ट मीडियम साईझचा, पण पोटात आणि आतल्या अवयवांभोवती चरबी साठलेली. म्हणून बाबांचं वजन कधीच वाढलं नाही, या गोष्टीवर फार खूश होऊ नका. वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप जास्त खरं बोलते. आपल्या लोकांसाठी मर्यादा आहे पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० सेंटिमीटर. पँटच्या पट्ट्यापाशी नाही बरं का, पट्टा तर पोटाखाली सरकवलेला असतो! बरगडी जिथे संपते आणि कमरेचं हाड जिथे सुरू होतं, त्याच्या मधोमध मोजायचं.

आणि आई?

घरात हार्टची काळजी करायची तर ती बाबांची, असा आपला एक अलिखित नियम. आईचे गुडघे दुखतात, आईला बीपीची गोळी आहे, पण हार्ट? ‘छे, बायकांना कुठे एवढं होतं!’

अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम नावाच्या गावात १९४८ पासून लोकांच्या हार्टचा पिढ्यान् पिढ्या अभ्यास चालू आहे. आज आपण बीपी, कोलेस्टेरॉल, सिगारेट हे जे हार्टचे शत्रू म्हणून पाठ म्हणतो, त्यातलं बरंचसं तिथूनच आलेलं आहे. तिथल्या नोंदींवरून १९७० च्या दशकातच दिसलं होतं, की डायबेटिसमुळे हार्टचा आणि रक्तवाहिन्यांचा धोका दुप्पट-तिप्पट होतो आणि ही वाढ बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त असते. एरवी पुरुषांच्या तुलनेत बायकांना हार्टच्या बाबतीत काही वर्षांची सूट मिळते. डायबेटिस झाला की त्या सुटीचा बराचसा भाग गेलाच समजा.

वर आपल्याकडच्या आया. सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाणार, स्वतःच्या गोळ्या संपल्या तर ‘पुढच्या महिन्यात आणू’ म्हणणार आणि छातीत काही वाटलं तर रात्री झोपताना सांगणार. तेही सांगितलं तर!

न दुखणारा हार्ट अटॅक

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. हार्ट अटॅक म्हटलं की आपल्याला सिनेमातला सीन आठवतो. हिरॉईनचे वडील छातीवर हात दाबतात, चेहरा वाकडा करतात आणि सोफ्यावर कोसळतात. बहुतेक वेळा छातीत दुखतं, दाब आल्यासारखं वाटतं हे खरंच आहे. पण जुन्या डायबेटिसमध्ये पायाच्या नसा जशा बधिर होतात, तशाच हार्टकडून येणाऱ्या नसाही खराब होऊ शकतात. म्हणजे आग लागली आहे, पण अलार्मची वायरच तुटलेली!

माझ्या एका मैत्रिणीचे वडील, वय ६६, पंधरा वर्षांचा डायबेटिस. दरवर्षी सज्जनगडावर जाणारा माणूस. एका वर्षी पायऱ्यांवर तीनदा थांबले. ‘वय झालं ग आता,’ एवढंच म्हणाले. मैत्रिणीला ते खटकलं. तिनं घरी आल्यावर हट्टानं ईसीजी काढायला लावला. त्यात येऊन गेलेल्या अटॅकच्या खुणा दिसल्या. कधी आला? कुणालाच माहीत नाही. खूप विचारल्यावर काकू म्हणाल्या, ‘मार्चमध्ये दोन दिवस ॲसिडिटीनं जाम हैराण झाले होते. सोडा-लिंबू दिलं होतं.’

हा काही लाखातला एक किस्सा नाही. फ्रॅमिंगहॅमच्याच तीस वर्षांच्या नोंदी १९८४ मध्ये आल्या, तेव्हा पाव भागाहून जास्त हार्ट अटॅक फक्त नेहमीच्या तपासणीतल्या ईसीजीवरून सापडलेले होते आणि त्यातल्या जवळपास निम्म्या लोकांना काहीच जाणवलेलं नव्हतं.

म्हणून डायबेटिक ज्येष्ठांच्या बाबतीत या गोष्टी ‘वय झालं’च्या खात्यात टाकू नका: अचानक लागणारा दम, विनाकारण दरदरून घाम, जबडा, खांदा, पाठ किंवा डाव्या हातात दुखणं, मळमळ, पोटाच्या वरच्या भागात जळजळ आणि कधी नव्हे तो गळून गेल्यासारखा थकवा. हे अचानक सुरू झालं आणि काही मिनिटांत थांबलं नाही, तर सरळ १०८ला फोन करा आणि जिथे ईसीजी आणि हार्टचे उपचार होतात अशा हॉस्पिटलमध्ये न्या. बाबांना स्कूटरवर बसवून नाही! आणि सकाळपर्यंत वाट बघून तर मुळीच नाही.

चारही आघाड्यांवर एकदम!

मग करायचं काय? इथे एक मस्त बातमी आहे. डेन्मार्कमधल्या स्टेनो डायबेटिस सेंटरमध्ये १६० लोकांवर एक अभ्यास झाला. सगळ्यांना टाइप टू डायबेटिस आणि लघवीतून प्रोटीन जायला सुरुवात झालेली, म्हणजे धोका बराच. निम्म्यांना नेहमीची ट्रीटमेंट, निम्म्यांना चौफेर: शुगर, बीपी, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या, खाणं, व्यायाम, सिगारेट बंद, सगळं एकदम. २००३ मध्ये निकाल आला. साधारण आठ वर्षांत चौफेर ट्रीटमेंटच्या गटात हार्ट अटॅक, पॅरालिसिस वगैरेंचा धोका जवळजवळ निम्म्यावर आला होता. २०१६ मध्ये, म्हणजे सुरुवातीपासून २१ वर्षांनी पुन्हा पाहिलं, तर हे लोक सरासरी आठेक वर्षं जास्त जगत होते.

आठ वर्षं! म्हणजे नातवंडाला शाळेत सोडण्यापासून ते त्याच्या मॅट्रिकच्या जवळपास पोचण्यापर्यंत. आणि यासाठी काही जादूची गोळी नव्हती. फंडा एकच, एका आकड्याच्या मागे लागायचं नाही, सगळी गँग एकदम पकडायची.

म्हणून बाबांच्या फाईलमध्ये शुगरच्या शेजारी हे आकडे हवेतच. बीपी, साधारण १३०/८०च्या आसपास. एलडीएल बहुतेकांना १००च्या खाली आणि हार्टचा त्रास आधी होऊन गेला असेल तर ७०च्या किंवा त्याहूनही खाली. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी. बाबांनी ‘परवा केली’ ती उपाशीपोटीची शुगर असते. टेस्टच्या आदल्या दोन दिवसांत आमरस बंद ठेवून ती गोंडस आणता येते. एचबीएवनसीला फसवणं इतकं सोपं नाही! आणि लघवीतलं प्रोटीन. ही टेस्ट वर्षातून एकदा व्हायला हवी. ती किडनीबद्दल तर सांगतेच, पण हार्टच्या धोक्याबद्दलही इशारा देते.

औषधंही आता पुढे गेली आहेत. एम्पाग्लिफ्लोझिन हे त्यातलं एक. डायबेटिस आणि आधीच हार्टचा आजार असलेल्या सात हजारांहून जास्त लोकांवरचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हार्ट आणि रक्तवाहिन्यांच्या आजारानं होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी झाले. मार्च २०२५ मध्ये या औषधाचं भारतातलं पेटंट संपलं आणि स्वस्त गोळ्या बाजारात आल्या. याचा अर्थ मेडिकलवाल्याकडून परस्पर आणायच्या असा नाही. ‘डॉक्टर, बाबांना याचा उपयोग होईल का?’ हा प्रश्न मात्र तुम्ही नक्की विचारू शकता.

जास्त शहाणपणाही नको

आता नाण्याची दुसरी बाजू. आपल्यातले काही जण एकदम प्रोजेक्ट मॅनेजर मोडमध्ये जातात. एक्सेल शीट बनवतात, आईला दिवसातून चार वेळा बोटं टोचायला लावतात आणि ‘शुगर अजून खाली आली पाहिजे’ म्हणून मागे लागतात. थांबा!

अमेरिका आणि कॅनडात ‘ॲकॉर्ड’ नावाचा मोठा अभ्यास झाला. १०,२५१ लोक, सरासरी वय ६२, सगळे हार्टचा धोका जास्त असलेले. अर्ध्यांचं एचबीएवनसी औषधांचा मारा करून सहाच्या खाली आणायचं ठरलं. बाकीच्यांना ७ ते ७.९ चालेल असं ठेवलं. फेब्रुवारी २००८ मध्ये कडक ट्रीटमेंट मध्येच थांबवावी लागली. कारण त्या गटात २५७ मृत्यू झाले होते आणि दुसऱ्या गटात २०३.

म्हणजे शुगर कमी करणं वाईट असं नाही. पण वय झालेल्या, हार्ट नाजूक असलेल्या माणसाची शुगर धसमुसळेपणानं खाली ओढणं धोक्याचं. म्हणूनच बाकी ठणठणीत असलेल्या ज्येष्ठांना एचबीएवनसी साधारण ७ ते ७.५च्या खाली आणि बरेच आजार असलेल्यांना ८च्या खाली, असं ढोबळ टार्गेट दिलं जातं. ७५ वर्षांच्या आजीची शुगर ३५ वर्षांच्या माणसासारखी आणायचा हट्ट कशाला?

आपल्या घरातला याचा सगळ्यात कॉमन सीन म्हणजे उपास. चतुर्थी आली, एकादशी आली, श्रावण आला. आई सकाळची शुगरची गोळी नेहमीसारखी घेते आणि जेवण मात्र चंद्रोदयाला! ग्लिमेपिराईडसारख्या गोळ्या तुम्ही जेवलात की नाही ते बघत नाहीत, त्या शुगर खाली आणतातच. मग दुपारी हात थरथरतात, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. आजी-आजोबांच्या वयात अशी चक्कर म्हणजे पडणं, खुब्याचं हाड मोडणं आणि हार्टवरही ताण. नंतर उपास सोडताना साबुदाण्याची खिचडी, म्हणजे जवळपास नुसता स्टार्च, आणि शुगर थेट गच्चीवर!

आईला ‘उपास सोड’ म्हणून बघा, काय उत्तर मिळतं ते! त्यापेक्षा उपासाच्या आधी डॉक्टरांना गोळीचं काय करायचं ते विचारा. खिचडीऐवजी भगर आणि दाण्याची आमटी, सोबत दही-काकडी, थोडं थोडं, वेळेवर. आणि ग्लुकोमीटरवर आकडा ७०च्या खाली दिसला, तर उपास गेला खड्ड्यात. तीन-चार चमचे साखर पाण्यातून लगेच. देव समजून घेतो, आईला समजायला जरा वेळ लागेल.

गूळ, मिश्री आणि लोणचं

घरोघरी ऐकू येणारी तीन वाक्यं. पहिलं, ‘साखर नाही घालत, गूळ घालते.’ सॉरी काकू, रक्तात गेल्यावर गूळही साखरच होतो. दुसरं, ‘मी सिगारेट ओढत नाही.’ बरोबर, पण सकाळी मिश्री लावता, नाहीतर खिशात चुना-तंबाखूची डबी असते. निकोटिन तोंडातून गेलं तरी हार्टचे ठोके आणि बीपी वाढवतंच. गावाकडच्या कित्येक आज्यांची मिश्री ‘दात घासणं’ या नावाखाली खपून जाते. डॉक्टरही विचारत नाहीत आणि आजीही सांगत नाही. तिसरं, ‘वरून मीठ घेत नाही.’ पण पानात लोणचं, पापड आणि चटणी, चार वाजता चहाबरोबर फरसाण. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक चमचा मीठ, ही मर्यादा तिथेच ओलांडली जाते.

व्यायामाचं म्हणाल तर जिम नको, ट्रेडमिल नको. नाना-नानी पार्कात आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास चालायचं. गप्पा मारता येतील, पण गाणं म्हणता येणार नाही, इतपत वेग पुरे. चालताना दम किंवा छातीवर दाब येत असेल तर मात्र चालणं थांबवून आधी डॉक्टर.

या वीकेंडला एवढंच करा

• प्रश्न बदला. ‘शुगर किती?’ऐवजी ‘जिना चढताना मध्ये थांबावं लागतं का? गेल्या वर्षी लागायचं का?’

• सगळ्या गोळ्यांचा, रिकाम्या स्ट्रिप्ससकट, मोबाईलवर फोटो काढून ठेवा. कुठली गोळी बाबांनी परस्पर बंद केली, ते लगेच कळेल. ‘नॉर्मल आली म्हणून सोडली’ हे क्लासिक!

• एचबीएवनसी, लिपिड प्रोफाईल, क्रिएटिनिन, लघवीतलं प्रोटीन आणि ईसीजी, यातलं गेल्या वर्षभरात काय झालंय आणि काय राहिलंय ते बघा. ईसीजी नॉर्मल आला आणि त्रास चालूच आहे, तर पुढच्या तपासण्या डॉक्टर ठरवतील, शेजारचे काका नाहीत.

• बीपी बसून एकदा आणि उभं राहून एकदा मोजा. उभं राहिल्यावर फार उतरत असेल तर ते डॉक्टरांना सांगा.

• पायांचे तळवे बघा. बधिरपणा, न भरणारी जखम, गार पडलेली बोटं हा वरच्या रक्तवाहिन्यांचाही निरोप असू शकतो.

• पुढच्या अपॉइंटमेंटला एकदा तरी सोबत जा. बाबा डॉक्टरांसमोर ‘काही नाही, मस्त आहे’ म्हणतात. तुम्ही असाल तर नाही म्हणणार.

आणि लेक्चर देऊ नका, प्लीज. ज्यांनी तुम्हाला सर्दीत आईस्क्रीम नाकारलं, त्यांना तुम्ही गुलाबजाम नाकारताय, हा सूड नाही, काळजी आहे हे त्यांना कळू द्या.

हां, आणि बाबांची कंबर मोजून झाली की ती टेप लगेच ड्रॉवरमध्ये टाकू नका. दिवसाचे दहा तास खुर्चीत, रात्री अकराला पिझ्झा, आणि बीएमआय २२ म्हणून आपण खूश! थिन-फॅटचा वारसा आपल्याकडेही आलेलाच आहे, बॉस. श्वास आत ओढून धरायचा नाही. नॉर्मल उभं राहायचं. आणि आकडा जो येईल तो आईला खरा सांगायचा!